बिनमार्कांचा तास

आमच्या शाळेत दर जूनमध्ये टाइमटेबल लागलं की स्टाफरूममध्ये एक प्रश्न फिरायचा: यंदा कॅटेकिझम कोणाच्या गळ्यात? पूर्वी हा धर्मशिक्षणाचा तास फादरच घेत. पुढे शाळेत फादर उरले दोन. एक प्रिन्सिपल, दुसरे हिशेब आणि डागडुजीत बुडालेले. मग जो कोणी कॅथलिक शिक्षक असेल त्याच्याकडे तो तास आपोआप चालत आला, त्याचा विषय भूगोल असो की पी.टी. मी गणिताचा मास्तर, वसईहून विरार लोकलने येणारा. माझ्या नावापुढे एकदा कॅटेकिझम लागलं ते निवृत्तीपर्यंत सुटलं नाही.

शाळा मुंबईतली, फक्त मुलग्यांची, इंग्रजी माध्यमाची, अनुदानित. वर्गात साठेक मुलं असली तर त्यांत कॅथलिक दहा-बारा. आता हा तास नव्याने गळ्यात पडलेले तरुण शिक्षक घरी येतात आणि विचारतात, ‘सर, नेमकं करायचं काय?’ बी.एड.ला याची कुठलीच मेथड शिकवत नाहीत. त्यांना जे सांगतो ते इथे लिहून काढलं आहे. क्रमाला फारसा अर्थ नाही. एवढंच ध्यानात असू द्या की शाळेत हा एकच तास असा आहे ज्याचे मार्क प्रगतिपुस्तकात कुठेही धरत नाहीत. स्टाफरूममध्ये त्यामुळे त्याला कोणी मोजत नाही. मला मात्र त्या तासाची सगळी किंमत तिथेच आहे असं वाटत आलं.

१. सोमवारची हजेरी घेऊ नका

मी शाळकरी असताना सोमवारी पहिल्या तासाला प्रश्न ठरलेला असे: ‘काल मिस्साला कोण गेलं नव्हतं? उभे राहा.’ जे उभे राहिले त्यांच्या हातावर छडी. पुढच्या सोमवारी अर्थातच कोणीच उभं राहिलं नाही. मास्तरही कच्चे नव्हते. ते उलटतपासणी घेत: काल फादरांचा झगा कोणत्या रंगाचा होता? प्रवचन कशावर होतं? मग आम्ही उपासनेचं वर्षच पाठ करून टाकलं. नाताळाआधीचे चार आठवडे जांभळा, लेंटमध्ये जांभळा, पेंटेकॉस्टला लाल, एरवी बहुतेक हिरवा. चर्चची पायरी न चढता नव्वद टक्के उत्तरं बरोबर यायची. प्रवचनाचं म्हणाल तर ‘क्षमेवर होतं’ असं सांगितलं की सहसा खपून जायचं.

त्या हजेरीतून आम्ही काय शिकलो? देवाच्या नावाने सराईतपणे खोटं बोलायला. व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६५मध्ये धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, त्यात श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही जबरदस्ती करता येणार नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. आमच्या वर्गापर्यंत ती बातमी बरीच उशिरा पोहोचली.

माझा नियम असा: ज्ञानाची परीक्षा खुशाल घ्या. सात संस्कार कोणते, शुभवर्तमानं किती, कोणाकोणाची, हे विचारा, चुकलं तर पुन्हा विचारा. भक्तीची परीक्षा मात्र घ्यायची नाही. कोण गेला, कोण नाही गेला, कोणी डोळे मिटले, कोणी कुमसार, म्हणजे पापकबुली, केला, यावर ना बक्षीस ना शिक्षा.

२. पाठांतराला नाकं मुरडू नका

आधीच्या मुद्द्याचा अर्थ काहींनी भलताच लावला. जबरदस्ती नको म्हणजे मजकूरही नको, असा. मधल्या काळात अशी पुस्तकं आली की ज्यांत उगवता सूर्य, हातात हात घातलेली मुलं आणि ‘स्वतःला ओळखा’ असे धडे. चित्रं छान होती. दहावी झालेल्या मुलाला दहा आज्ञा सलग सांगता येईनात. मैत्रीवरचा धडा मॉरल सायन्सच्या पुस्तकातही होताच की. त्यासाठी खोली बदलून यायची काय गरज होती?

फ्रान्सिस झेवियर १५४२मध्ये गोव्यात उतरले तेव्हा हातातली घंटा वाजवत गल्लीबोळांतून पोरं गोळा करायचे आणि प्रार्थना, विश्वासांगीकार, आज्ञा त्यांच्याकडून चालीवर म्हणून घ्यायचे. अर्थ कळायच्या आधी शब्द तोंडात बसायचे. थॉमस स्टीफन्स तर त्याच्याही पुढे गेले. तुम्ही आमची जुनी पुराणं थांबवलीत, तर ऐकायला दुसरं पुराण द्या, अशी नवख्रिस्ती लोकांची मागणी होती, आणि ती पुरी करायला या इंग्रज जेझुइटाने मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६मध्ये छापून झालं. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला जे कळलं ते आम्हा बी.एड. झालेल्यांना कळायला जड गेलं: ओठांवर काही नसेल तर मनात उतरायला तरी काय उरतं?

मुलग्यांना पाठांतराचा कंटाळा असतो हे खरं नाही. क्रिकेटचे आकडे त्यांना कोणी छडी मारून पाठ करून घेतो का? अर्थाचा आग्रह पहिल्याच दिवशी धरू नका, एवढंच. ‘नमो मारिया’ या प्रार्थनेच्या शेवटी मरणाच्या घटकेचा उल्लेख येतो. दहा वर्षांच्या मुलाला त्याचं काय? काही नाही. त्याला तो शब्द चाळिशीत, इस्पितळाच्या बाकावर लागणार असतो, आणि तेव्हा शिकवायला तिथे कोणी नसतं.

३. वर्ग दुभंगतो तो एक मिनिट सांभाळा

घंटा होते. दहा-बारा मुलं वह्या उचलून बाहेर पडतात, उरलेली मॉरल सायन्सला बसून राहतात. कायद्याने हे बरोबरच आहे. घटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढून चालवण्याचा हक्क दिला, आणि अठ्ठाविसाव्याने अनुदानित शाळेत धर्मशिक्षणाची सक्ती करता येणार नाही, अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकांची संमती हवी, असं ठरवलं. पण मुलांना कलमं दिसत नाहीत. त्यांना दिसतं ते इतकंच की आपल्याच बाकावरचा दोस्त उठून कुठेतरी गेला. मागे राहिलेल्यांना वाटतं, तिकडे काहीतरी गुपित चालतं. जाणाऱ्यांपैकी काहींना आपण कोणी खास आहोत असं वाटतं, तर काहींना आपल्याला वेगळं काढल्यासारखं वाटतं.

‘सर, तिकडे तुम्ही त्यांना काय वाटता?’ असं एका गुजराती मुलाने मला जिन्यात विचारलं होतं. क्वचित संतांची चित्रं वाटायचो, ती परत वर्गात जाऊन मिरवली जायची. मी त्याला एक चित्र दिलं आणि पुस्तकही दाखवलं. त्याने दोन पानं चाळून परत केलं. म्हणाला, ‘यात पण धडेच आहेत.’

तेव्हापासून तासाला खोलीचं दार सताड उघडं ठेवलं आणि एक कसोटी धरली: जे वाक्य त्या पन्नास मुलांसमोर उच्चारताना माझी जीभ अडखळेल ते या दहांसमोरही उच्चारायचं नाही. चर्चने ख्रिस्ती शिक्षणावरचं निवेदन आणि इतर धर्मांकडे आदराने पाहायला सांगणारं निवेदन एकाच दिवशी, २८ ऑक्टोबर १९६५ला जाहीर केलं. मला हा योगायोग फार आवडतो. नव्या शिक्षकांना मी दोन्ही एकत्र वाचायला देतो.

४. मोदकाचा प्रश्न टाळू नका

भाद्रपदात हा प्रश्न येतोच. सातवीतल्या एकाने विचारला, तोही अगदी कळवळून: ‘सर, मोदक खाल्ला तर पाप लागतं का?’ आजी म्हणते खायचा नाही, तो देवाला दाखवलेला असतो. बाबा म्हणतात गपचूप खा आणि आजीला सांगू नको. आणि बाकावर शेजारी बसणारा मित्र रोज डबा उघडून पुढे करतो.

अशा वेळी ‘मोठा झालास की कळेल’ म्हणणारा शिक्षक कायमचा बाद होतो. मी पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र काढलं. आठवा आणि दहावा अध्याय. मुलांचा विश्वास बसेना की बायबलमध्ये जवळजवळ हाच प्रश्न आहे. करिंथ हे ग्रीक बंदराचं शहर, साधारण इसवी सन ५५चा सुमार. बाजारात मिळणारं मांस बऱ्याचदा देवळात वाहिलेलं असायचं, आणि नवे ख्रिस्ती लोक पौलाला विचारत होते की ते खायचं की नाही. त्याचं उत्तर सरळसोट हो किंवा नाही असं नाही. मूर्तीत काही शक्ती नाही, म्हणून अन्नाला काही होत नाही, असं तो आधी म्हणतो. मग म्हणतो, पण तुला खाताना पाहून एखाद्या कच्च्या मनाच्या भावाचा पाय घसरणार असेल तर खाऊ नको. दुसऱ्याने जेवायला बोलावलं तर पुढे येईल ते चौकशी न करता खा. पण हे वाहिलेलं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं, तर त्या सांगणाऱ्यासाठी हात आवर. आणि पूजेत सहभागी होणं ही निराळी गोष्ट, तिथे मात्र तो ठामपणे ‘नाही’ म्हणतो.

पुढचा अर्धा तास वर्गात कोर्ट भरलं होतं.

‘सर, मित्राने सांगितलंच नाही तर?’

‘मग चौकशी करू नको, असं पौलच म्हणतो ना!’

‘पण मला माहीत आहे की नैवेद्य दाखवलाय. मग?’

‘आणि तो माउंट मेरीच्या जत्रेला येऊन मेणाची बाहुली वाहतो, त्याचं काय? त्याला कोणी विचारतं का?’

या शेवटच्या प्रश्नाला माझ्यापाशी तयार उत्तर नव्हतं, कारण वांद्र्याची ती जत्रा गणपतीच्याच आगेमागे, सप्टेंबरात येते आणि अर्धा वर्ग धर्म न बघता तिथे गेलेला असतो. माहीमच्या चर्चमधल्या बुधवारच्या नोव्हेनाला तर रांगेत कोण कुठल्या धर्माचं हे सांगणं अवघड.

मी त्यांना इतकंच सांगितलं: चर्चची शिकवण अशी की उपासना एकाच देवाची करायची, आणि ती पातळ करून मी तुम्हाला सांगणार नाही. पण मित्राच्या आईने हातावर काही ठेवलं तर दोन्ही हातांनी घ्या, थँक्यू काकू म्हणा, आणि खायचं नसेल तर त्याचा तमाशा करू नका. काही फादर याहून कडक बोलतील, काही सैल. तुमचं मन पौलाच्या पत्राशी ताडून बघा. त्या दिवशी मधल्या सुट्टीत डब्यातले मोदक संपले. कोणी खाल्ले, कोणी नाही, हे मी पाहायला गेलो नाही.

५. मुलग्यांना गोलात बसवून बोलतं करू नका

दहावीच्या मुलांना आम्ही रिट्रीटला खंडाळ्याच्या बाजूला न्यायचो. दोन दिवस, एक रात्र. संध्याकाळी ठरलेला कार्यक्रम: सगळे गोल करून जमिनीवर, मध्ये मेणबत्ती, आणि ‘आपल्या आयुष्यातला देवाचा एक अनुभव सांगा.’ पहिला मुलगा घसा खाकरून सांगायचा की परीक्षेत पेपर अवघड होता, प्रार्थना केली आणि सुटला. त्यानंतर ओळीने सगळ्यांचे पेपर देवाने सोडवलेले असायचे. पंधरा वर्षांचा मुलगा मित्रांसमोर आपलं काळीज उघडं करत नाही. केलं तर सोमवारी शाळेत त्याची नक्कल होते, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

खरं बोलणं जेवणानंतर भांडी घासताना व्हायचं. तिथे कोणी कोणाच्या डोळ्यांत बघत नाही. नळ चालू असतो, आवाज असतो, हाताला काम असतं. एका वर्षी भाताचा मोठा टोप मी आणि एक मुलगा मिळून घासत होतो. वर्गात कधी तोंड न उघडणारा. मान वर न करता त्याने विचारलं, ‘सर, जीव दिलेल्या माणसाची मिस्सा करतात का?’

‘करतात.’

‘आधी नव्हते ना करत?’

त्याला कोणीतरी जुनं सांगितलेलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. मी घासता घासताच सांगितलं. चर्चच्या १९१७च्या कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा दफनविधी नाकारलेला होता. १९८३ला नवा कायदा आला त्यात ती अट नाही. १९९२च्या ‘कॅटेकिझम’ या चर्चच्या शिकवणीच्या ग्रंथात म्हटलंय की मनाचा मोठा आजार, भीती, यातना यांनी माणसाची जबाबदारी कमी होते. अशा माणसाच्या तारणाबद्दल आशा सोडायची नाही, चर्च त्याच्यासाठी प्रार्थना करतं.

तो बराच वेळ काथ्या फिरवत राहिला. कोणाबद्दल विचारतोस, हे मी विचारलं नाही. मग म्हणाला, ‘सर, इकडे अजून खाली लागलंय,’ आणि टोप माझ्याकडे कलता केला.

गणिताच्या मास्तराला कायद्यांची सालं पाठ असून काय उपयोग, असं कोणी म्हणेल. त्या रात्री उपयोग झाला. नुसतं ‘देव दयाळू आहे रे’ म्हटलं असतं तर ते त्याला पटलं नसतं, कारण ते त्याला सगळेच म्हणत असणार.

६. लपवण्यासारखं काही आहे असं वाटू देऊ नका

नववीतल्या मुलांच्या हातात फोन आहे. धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या अत्याचारांबद्दल ती वाचतात आणि विचारतात. बोस्टनची प्रकरणं २००२मध्ये वर्तमानपत्राने उघडी केली, पाठोपाठ अनेक देशांतली आली. मी उत्तर देतो: हो, घडलं. वरिष्ठांनी लपवलं, माणसाला एका धर्मग्रामातून उचलून दुसऱ्यात पाठवलं, आणि लपवणं हे दुसरं पाप झालं. २०१९ला पोप फ्रान्सिस यांनी अशी तक्रार कळली तर धर्मगुरू आणि धर्मभगिनींनी ती वर कळवलीच पाहिजे असा नियम केला. आपल्याकडे २०१२चा पॉक्सो कायदा आहे. त्यात कळूनही पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे, मग तो फादर असो, सर असो की शिपाई.

याच्याच जोडीला शिक्षकाचा स्वतःचा नियम. एकट्या मुलाशी बोलायचं ते व्हरांड्यात, मैदानाच्या कडेला, जिन्यात, जिथे चार जण जाता-येता बघतात. भांडी घासायची जागाही उघड्यावरच होती. यात मुलाचं रक्षण आहे आणि तुमचंही. यावर वाद घालणाऱ्या शिक्षकाला हा तास देऊ नये असंच मी प्रिन्सिपलना सांगेन.

७. संत निवडून घ्या

डॉन बॉस्कोंचा विद्यार्थी डॉमिनिक साव्हियो १८५७मध्ये चौदाव्या वर्षी वारला, १९५४ला संत झाला. मुलग्यांच्या शाळांत त्याचं चित्र हमखास असतं. पण माझ्या मुलांना तो कधी आपला वाटला नाही. ‘सर, हा मॉनिटर असणार,’ असा शेरा मारून एकाने त्याला निकालात काढलं होतं.

वसईचा गोन्सालो गार्सिया त्यांना लगेच भावला. एक तर लोकलने जाता येतं त्या गावचा. जेझुइटांच्या हाताखाली शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथे धर्मशिक्षण द्यायला मदत केली, जपानी भाषा उत्तम उचलली. पण जेझुइटांच्या येशूसंघात त्याला प्रवेश मिळाला नाही. मग व्यापार केला, पैसा कमावला, पुढे मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर झाला आणि दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेला. तिथे पकडलेल्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांना भर हिवाळ्यात क्योटोपासून नागासाकीपर्यंत चालवत नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ला सव्वीस जणांना क्रुसावर मारलं. त्यांतला सगळ्यात धाकटा बारा वर्षांचा होता. गोन्सालो १८६२मध्ये संत झाला.

कानाच्या तुकड्यापाशी वर्ग एकदम चिडीचूप. आणि मग मागून आवाज: ‘म्हणजे सर, हा ॲडमिशन न मिळालेला संत?’ अकरावीच्या प्रवेशाच्या चिंतेत असलेल्या पोराला गोन्सालोचं जे पटलं ते हे. ठीक आहे की! मी तिथूनच पुढे शिकवलं.

नव्या शिक्षकांच्या हाताशी आता कार्लो अकुतिसही आहे: १९९१चा जन्म, मिलानमध्ये वाढला, संगणक आणि व्हिडिओ गेमवाला, २००६मध्ये पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेला, ७ सप्टेंबर २०२५ला संत. मुलांना तो आवडतो असं ऐकतो. त्याच्याही गोष्टीतली दुखरी बाजू गाळू नका.

८. हाताला काम द्या

पाच मिनिटं स्वस्थ न बसणारा मुलगा वेदीसेवक म्हणून उभा करा. धूपदाणीतला कोळसा कधी फुंकायचा, साखळी किती लांब सोडायची, घंटा कोणत्या क्षणी वाजवायची, हे त्याला एकदा दाखवलं की तो चुकत नाही, आणि दुसरा चुकला तर त्याला सोडत नाही. मुलग्यांना विधीतली हत्यारं आवडतात. त्यात कमीपणा काही नाही. कितीतरी मुलांची वेदीशी पहिली ओळख कोळशाच्या धुरातून झाली आहे.

इथे एक गोष्ट मला कायम खटकत आली. १९९४पासून मुलींनाही वेदीसेवा करायची मुभा आहे. धर्मग्रामातल्या संडे स्कूलमध्ये शिकवणाऱ्या बहुतेक बायकाच. या पोरांना क्रूस काढायला शिकवलं ते आईने नाहीतर आजीने. आणि मुलग्यांच्या शाळेत वेदीपाशी, फळ्यापाशी, फोटोंच्या रांगेत सगळे पुरुष. दहा वर्षं हेच बघणाऱ्या मुलाच्या मनात चर्चचं काय चित्र तयार होत असेल? मी शेजारच्या कॉन्व्हेंटमधल्या एका सिस्टरना दर सहामाहीत एक तास घ्यायला बोलवायचो. मुलं त्या तासाला शर्ट खोचून बसायची.

९. सेवेचे फोटो काढू नका

वृद्धाश्रमाला भेट, बिस्किटांचे पुडे, बॅनर, फोटो, सर्टिफिकेट. जेझुइटांचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी १९७३मध्ये वालेन्सियाला माजी विद्यार्थ्यांसमोर विचारलं होतं की आम्ही तुम्हाला न्यायासाठी झटायला शिकवलं का, आणि स्वतःच प्रांजळपणे नाही असं उत्तर दिलं. ऐकणाऱ्या सगळ्यांना ते रुचलं नव्हतं. आमच्याकडे ‘दुसऱ्यांसाठी जगणारी माणसं’ हे त्यांचं सूत्र भिंतीवर रंगवलेलं असतं, बॅनरच्या बरोबर मागे. मी फोन शाळेतच ठेवायला लावायचो. मग गर्दी आपोआप निम्म्यावर यायची, आणि जे यायचे ते आजोबांशी पत्ते खेळायला बसायचे.

१०. देव न मानणाऱ्याला वर्गात ठेवा

‘मला नाही वाटत देव आहे,’ असं नववीत एखादा म्हणतोच. पालकांना बोलावू नका, फादरांकडे पाठवू नका. महास्फोटाच्या सिद्धांताची पायाभरणी करणारा जॉर्ज लमेत्र बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू होता, वाटाण्यांवर प्रयोग करणारा मेंडेल ऑगस्टिनियन संघातला, उत्क्रांतीचा अभ्यास करायला १९५०मध्ये पोप पायस बारावे यांनी आडकाठी केली नाही, हे सगळं सांगा. पण त्याने तो गप्प बसेल अशी अपेक्षा ठेवू नका. माझ्या असल्या एका विद्यार्थ्याने पटकन विचारलं होतं, ‘लमेत्र धर्मगुरू होता म्हणून देव आहे हे सिद्ध कसं होतं?’ नाहीच होत. गणिताचा मास्तर म्हणून मला ते कबूल करावंच लागलं. वर्षभर वर्गातले सगळ्यात चांगले प्रश्न त्याचेच होते. हा तास मार्कांचा असता तर त्याने पहिल्याच आठवड्यात विश्वासांगीकार घोकून पैकीच्या पैकी मिळवले असते आणि तोंड बंद ठेवलं असतं.

११. बापाचं काम अंगावर घेऊ नका

पालकसभेत बाबा तक्रार करतात: ‘सर, हा रविवारी उठतच नाही. तुम्ही जरा दम द्या.’ हेच बाबा रविवारी प्रवचन सुरू झालं की चर्चच्या अंगणात मोटारसायकलला टेकून गप्पा मारत असतात आणि ख्रिस्तशरीर घ्यायच्या वेळेला आत येतात. मुलगा आतून सगळं बघत असतो. मी दम देत नाही. दोघांना मिळून पुढच्या बाकावर बसायला सांगतो. फारसा फरक पडत नाही.

१२. तास कधीचा, ते भांडून ठरवा

कॅटेकिझमचा तास शनिवारी शेवटचा किंवा पी.टी.ला लागून लावायची शाळांची खोड असते. गॅदरिंगची तालीम आली की पहिल्यांदा याच तासावर गदा. जूनमध्येच प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये जाऊन बसा. मी मंगळवारचा चौथा मागून घेतला होता. सोमवारी मुलं पेंगुळलेली असतात, शुक्रवारी त्यांचा जीव सुट्टीत असतो. आणि आमच्याकडे चौथ्यानंतर मोठी सुट्टी व्हायची. ज्याला काही विचारायचं असेल तो दाराशी बुटाची नाडी बांधत रेंगाळायचा, बाकीचे डबे घेऊन मैदानाकडे पळालेले असायचे, आणि पुढच्या तासाचे सर यायला चांगला अर्धा तास असायचा.